नवी मोटार आणि जुनी चाकोरी

मराठीच्या प्राध्यापकाने मोटार घ्यावी की घेऊ नये, याविषयी आपल्या शास्त्रकारांनी काहीच लिहून ठेवलेले नाही. त्यांच्या काळी मोटारी नव्हत्या आणि मराठीचे प्राध्यापकही नव्हते. त्यामुळे आमच्या घरात हा निर्णय सौभाग्यवतींनी घेतला. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि हिशेबाला पक्क्या आहेत. "बाबांना नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं तर दर वेळी कुणाची तरी गाडी मागायची. किती दिवस मागायची?" असे त्यांनी विचारले आणि माझ्यापुढे पाच वर्षांच्या हप्त्यांचा तक्ता ठेवला. तक्त्यात माझ्या सहीपुरती जागा मोकळी होती.

एरवी या सदरात मी घरातल्या, कॉलेजातल्या आणि गल्लीतल्या बारीकसारीक गोष्टींचे चऱ्हाट वळत असतो. दिवाळी अंकात संपादक जागा जरा ऐसपैस देतात. म्हणून यंदा घरातली सर्वांत मोठी वस्तू निवडली आहे. आकाराने मोठी आणि कर्जानेही मोठी.

गेल्या वर्षी गुढीपाडव्याला आम्ही ती आणली. आम्ही राहतो गडचिरोलीला आणि मोटारीचे दुकान चंद्रपूरला. मधले अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर. दुकानातच पूजा झाली, चाकांखाली लिंबे ठेवली गेली, पेढे वाटले गेले. मी चालकाच्या जागी बसलो. माझ्या डाव्या हाताला वडील बसले, मागे सौ. आणि नववीतले चिरंजीव. चिचपल्ली गेली, केळझरचे जंगल आले. मोटार इतकी अलगद चालली होती की मला स्वतःचाच अभिमान वाटू लागला. एवढ्यात बाबा म्हणाले, "गाडी डावीकडे ओढते, बाबू."

माझे वडील एसटीत चालक होते. ते नोकरीला लागले तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे, आलापल्लीच्या सागवनातून, सिरोंच्याच्या वाटेवर त्यांचे सारे आयुष्य गेले. त्या बसगाड्यांचे सुकाणू फिरवणे म्हणजे ओल्या काळ्या जमिनीत नांगर वळवणे. बाबांच्या दंडांना अजून त्याची आठवण आहे. पण त्या दिवशी मला वाटले, म्हाताऱ्या माणसाला नव्या वस्तूत काहीतरी खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हणालो, "बाबा, तुमच्या एसट्या वेगळ्या. ह्या गाडीत सगळं विजेवर चालतं. एका बोटानं चाक फिरतं."

"तेच तर," बाबा म्हणाले, "म्हणून तुला समजत नाही. रस्ता सरळ आहे, गाडी सरळ चालली आहे, अन् तुझ्या हातातलं चाक मात्र उजवीकडे कललं आहे. काहून?"

मी पाहिले. सुकाणूच्या मधोमध असलेले कंपनीचे चिन्ह खरोखरच जरा तिरपे होते. देव्हाऱ्यातली तसबीर एका बाजूने खाली उतरावी, तेवढेच. मी म्हणालो, "नवी गाडी आहे. बसेल हळूहळू." बाबा पुढे काही बोलले नाहीत. नंतरच्या सात महिन्यांत त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मी मात्र एक गोष्ट पाहून ठेवली होती आणि तिचा अर्थ लावला नव्हता. एसटीत, रेल्वेत, अगदी लग्नाच्या मांडवातसुद्धा बसल्या जागी झोप काढणारे आमचे बाबा माझ्या मोटारीत कधीही डोळा मिटत नसत.

माणसाचे हात फार समजूतदार असतात. मोटार डावीकडे ओढू लागली की ते नकळत सुकाणू उजवीकडे धरून ठेवतात आणि मालकाला त्याची वर्दीही देत नाहीत. महिन्याभरात माझ्या हातांना ती सवय इतकी जडली की मोटार मला सरळच वाटू लागली. चंद्रपूरहून परतल्यावर उजवा खांदा दुखे. मी तो दोष उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला देत असे.

पहिल्या मोफत तपासणीच्या वेळी मी सहज म्हणून तक्रार नोंदवली. दुकानातल्या तरुणाने मोटार दोन किलोमीटर फिरवून आणली आणि हसून सांगितले, "रस्त्याचा उतार आहे, सर. आपले सगळे रस्ते मधे उंच असतात."

हे खोटे नव्हते, आणि म्हणूनच मी फसलो. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मध्यावर किंचित उंच आणि कडांना उतरता करतात. शंभर सेंटिमीटरांना दोन-अडीच सेंटिमीटरांचा तो उतार असतो. आपण डाव्या बाजूने चालतो, तेव्हा निर्दोष मोटारसुद्धा सुकाणू सोडले तर हळूहळू डावीकडे सरकते. पण "हळूहळू" या शब्दातच सगळी मेख आहे. मोकळ्या सपाट मैदानावरही ती तशीच एका बाजूला जात असेल, तर तो रस्त्याचा दोष नव्हे. ही गोष्ट त्या तरुणाने मला सांगितली नाही आणि मी विचारली नाही. विद्वान माणसाला अर्धे सत्य दिले की तो उरलेले अर्धे स्वतःच्या पदरचे घालून ते पुरे करतो आणि समाधानाने घरी जातो.

दुसऱ्या तपासणीच्या वेळी मोटार पाच हजार किलोमीटर चालली होती. या वेळी बिलावर चाके सरळ केल्याची नोंद आली. "मशीनवर सगळं हिरवं आहे, सर," असे सांगण्यात आले. हिरवे म्हणजे काय आणि कुठे, हे मी विचारले नाही. कागद मागितला नाही. परीक्षेचा निकाल तोंडी ऐकून गुणपत्रिका न घेता परतणाऱ्या विद्यार्थ्याला मी काय म्हटले असते, ते इथे लिहीत नाही.

आणि मग भाऊबीज आली.

माझी धाकटी बहीण अहेरीला असते. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली आणि मग अहेरी, असा हा शंभरावर किलोमीटरांचा रस्ता आहे. चामोर्शीच्या पुढे मार्कंड्याचा फाटा लागला. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा तिथे देवळांजवळ उत्तरेकडे वळते, म्हणून त्या स्थानाचे माहात्म्य मोठे. मी विनोदाने म्हणालो, "पाहा बाबा, वैनगंगासुद्धा इथे सरळ जात नाही." मागून चिरंजीव हसले. बाबा हसले नाहीत.

आष्टी मागे पडली. दोन्ही बाजूंनी जंगल सुरू झाले. या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक चालतात. डांबराच्या कडा ठिकठिकाणी तुटून खाली मुरूम दिसत होता. समोरून असाच एक ट्रक येत होता, पण तो अजून लांब होता. माझ्या चष्म्यावर धूळ बसली होती. मी एका हाताने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसू लागलो, आणि काच फिरवण्यासाठी दुसरा हातही सुकाणूवरून क्षणभर उचलला.

ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. तीन सेकंदांत पन्नास मीटर. मी चष्मा डोळ्यांवर चढवला तेव्हा डावीकडची दोन्ही चाके डांबरावरून उतरून वीतभर खाली मुरमात गेली होती आणि समोर मैलाचा दगड दिसत होता. मला एकच सुचले: ब्रेक दाबावा आणि सुकाणू गर्रकन उजवीकडे फिरवावे.

"ब्रेक नको." बाबांचा आवाज चढलेला नव्हता. "पाय काढ. चाक धरून ठेव. जाऊ दे तशीच."

मी पाय काढला. मोटार मुरमात खडखडत, हळू हळू होत, मैलाच्या दगडापासून आठ-दहा हातांवर उभी राहिली. ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. मी सुकाणू फिरवले असते तर डांबराच्या कडेवर चढताना मोटार उसळून थेट त्या ट्रकपुढे गेली असती. हे मला नंतर, रात्री अंथरुणावर पडल्यावर कळले. मागे करंज्यांचा डबा उलटला होता. चिरंजीवांचा चेहरा पांढरा झाला होता. सौ. काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यांचे न बोलणे मला चांगले ओळखता येते.

दोन्ही हात सोडण्याचा मूर्खपणा माझा होता. तो मी मोटारीवर ढकलणार नाही. पण सरळ चालणाऱ्या मोटारीने त्या तीन सेकंदांत मला क्षमा केली असती. माझ्या मोटारीने केली नाही.

आलापल्लीला हवा तपासण्यासाठी पंक्चरच्या दुकानात थांबलो. दुकानदाराने हवा पाहिली आणि मग पुढच्या टायरवरून आडवा हात फिरवला. एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. "तुम्ही पाहा, सर," तो म्हणाला. मीही हात फिरवला. एका दिशेने टायर मऊ लागत होता आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखा हाताला टोचत होता. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखा तो प्रकार होता. "गाडी किती चालली?" त्याने विचारले. मी आकडा सांगितला. त्याने माझ्याकडे न पाहता बाबांकडे पाहिले. "काकाजी, चाकं फाकली आहेत." बाबांनी नुसती मान हलवली.

दिवाळीची सुटी संपायच्या आत एके सकाळी बाबांनी अंगणात कार्यक्रम मांडला. खडू, सुतळी, बांबूची एक सरळ काठी आणि मदतीला नातू. आगारातल्या कारागिरांची ही जुनी रीत, ते म्हणाले. पुढच्या दोन्ही टायरांच्या पुढच्या अंगाला, आसाच्या उंचीवर, मधोमध खडूची एकेक खूण केली. त्या दोन खुणांमधले अंतर काठीवर नोंदले. मग मोटार हलकेच ढकलली, चाके अर्धा फेरा फिरली, त्याच खुणा मागच्या अंगाला आल्या. पुन्हा अंतर मोजले. दोन्ही अंतरे जवळजवळ सारखी यायला हवीत. आमची आली नाहीत. पुढचे अंतर मागच्यापेक्षा करंगळीच्या रुंदीएवढे, सुमारे एक सेंटिमीटर, जास्त होते. बाबांनी दोन्ही मापे कालनिर्णयच्या जुन्या पानामागे लिहिली आणि ते पान घडी करून खिशात ठेवले.

चिरंजीवांना गणिताची आवड आहे. ती त्यांना आईकडून आली. त्यांनी वही काढली. टायरची उंची साठ सेंटिमीटर धरली आणि फरक एक, तर दोन्ही चाके मिळून जवळजवळ एक अंश फाकली आहेत, म्हणजे प्रत्येकी अर्धा अंश. अर्धा अंश तिरपे चाक सरळ रस्त्यावर चालवले, तर एका किलोमीटरमागे ते पावणेनऊ मीटर आडवे घासले जाते. पाच हजार किलोमीटर ते असेच चालले असेल, तर सुमारे त्रेचाळीस किलोमीटर. "बाबा," चिरंजीव मला म्हणाले, "चंद्रपूरहून मूलपर्यंत आपण टायर आडवे ओढत नेले म्हणायचे!"

मला तोवर वाटत होते, अर्ध्या अंशाने काय होते? घड्याळातला मिनिटकाटा पाच सेकंदांत तेवढा फिरतो. पण चूक लहान असली तरी ती फेऱ्याफेऱ्याला होत राहिली की तिची बेरीज जिल्हा ओलांडते.

तिसऱ्या वेळी चंद्रपूरला जाताना बाबा बरोबर आले. कारखान्यात काम करणारा तरुण आयटीआय शिकलेला, हाताला तेल लागलेला आणि डोक्याने साफ होता. बाबांनी कालनिर्णयचे पान त्याच्या हाती दिले. तो हसला नाही. "चढवून पाहू, काकाजी," म्हणाला. चारही चाकांना पट्ट्या लागल्या, समोरच्या कॅमेऱ्यांनी त्यांच्यावर नजर रोखली आणि पडद्यावर आकडे उमटले. आमच्या पानावरची गोष्ट पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलेली होती.

तिथे मला तीन शब्द शिकायला मिळाले. टो, कॅम्बर आणि कॅस्टर. टो म्हणजे वरून पाहिले तर चाकांचे चवडे आत आहेत की बाहेर. आमची मोटार चवडे बाहेर टाकून फेंगडी चालत होती. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिले तर चाक उभे आहे की माथ्याशी आत-बाहेर कललेले आहे. आणि कॅस्टर म्हणजे ज्या आसाभोवती चाक वळते, तो बाजूने पाहिल्यास मागे किती झुकला आहे. सायकलच्या पुढच्या चाकाचा चिमटा पाहा. तो सरळ उभा नसतो, तिरपा असतो. वळण संपल्यावर मोटारीचे सुकाणू आपोआप सरळ होते, त्यात या झुकण्याचा मोठा हात असतो. बहुतेक लहान मोटारींत यांतला टो तेवढा सहज बदलता येतो; चाकांना वळवणाऱ्या दांड्या, ज्यांना कारागीर टाय रॉड म्हणतात, त्या फिरवून तो जुळवतात. उरलेले दोन बिघडले असतील, तर बहुधा कुठेतरी काहीतरी वाकलेले असते.

मी व्यवस्थापकांना विचारले, "मागच्या वेळी सगळं हिरवं होतं ना?" ते म्हणाले, "मधे एखाद्या खड्ड्यात आपटली असेल, सर." आपटलीही असेल. आमच्या रस्त्यांवर शपथ घेऊन नाही म्हणण्याची सोय नाही. माझ्याजवळ मागचा कागद असता, तर त्यांना उत्तर देता आले असते. तो नव्हता.

काम चालू असताना मी बाकावर बसून या विद्येचा इतिहास वाचत होतो. मोटार वळते तेव्हा पुढची दोन चाके सारखी वळून चालत नाही. खळ्यावर मळणीचे बैल फिरताना पाहिले असतील, तर हे लगेच कळेल. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी फिरतो आणि कडेच्या बैलाला मोठा फेरा पडतो. तसेच आतल्या चाकाने जास्त वळावे लागते, बाहेरच्याने कमी. ही युक्ती घोडागाड्यांसाठी म्यूनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्या कारागिराने काढली. लंडनमध्ये तिचे पेटंट १८१८ साली रुडॉल्फ आकरमान या गृहस्थाने त्याच्या वतीने घेतले. हे आकरमान पुस्तके आणि चित्रे छापून विकणारे होते. आज जगभरच्या यंत्रशाळांत त्या रचनेला आकरमानचे नाव आहे. ज्याच्या हाताला काम कळत होते, त्याचे नाव मागे पडले आणि कागद ज्याच्या हाती होता, त्याचे पुढे आले. वाचता वाचता मी मान वर करून पाहिले. बाबा मोटारीखाली वाकून त्या तरुणाशी काहीतरी बोलत होते आणि तो लक्ष देऊन ऐकत होता.

टो जुळला, सुकाणूचे चिन्ह सरळ झाले, पडदा हिरवा झाला. या वेळी मी आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घेतला. मूलच्या रस्त्यावर मोटार फिरवली. सुकाणू सरळ, पण हात सैल करताच मोटार पुन्हा डावीकडे! तरुणाचा चेहरा उतरला. बाबा म्हणाले, "एका दुखण्यात दोन दुखणी असतील. पुढची चाकं आपसात बदलून पाहा. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे."

चाके बदलली, आणि मोटार उजवीकडे ओढू लागली.

"सापडलं," बाबा आणि तो तरुण एकदमच म्हणाले. खोट मोटारीत नव्हती, टायरात होती. टायरच्या पोटात पोलादी तारांचे पट्टे असतात. ते घडवताना किंचित एका बाजूला सरकले, तर वरून गोल दिसणारा टायर चालताना निमुळत्या भांड्यासारखा वागतो. घरात फुलपात्र आडवे करून जमिनीवर घरंगळू द्या. ते सरळ जात नाही; निमुळत्या बाजूकडे वळत राहते. आमचा एक टायर असा फुलपात्राच्या जातीचा निघाला. फाकलेल्या चाकांनी टायर खाल्ले आणि सुकाणू तिरपे केले. ओढण्याचे काम मात्र या टायराचे होते. त्याचा जो अर्ज करायचा तो केला. वीस-बावीस दिवसांनी एक टायर बदलून मिळाला. दुसरा मी पदरचे पैसे घालून घेतला, कारण एका आसावरची दोन चाके एका वयाची असावीत. मग पुन्हा ऐंशी किलोमीटर जाणे आणि ऐंशी किलोमीटर येणे.

यंदाच्या दसऱ्या-दिवाळीला ज्यांच्या दारात नवी मोटार आली असेल, त्यांना मी अनाहूत सल्ला देतो. प्राध्यापकांना दुसरे देण्यासारखे फारसे नसतेच. सकाळी चाके थंड असताना चारही चाकांतली हवा पुस्तकात दिलेल्या मापाने भरा. एका बाजूला हवा कमी असली तरीही मोटार त्या बाजूला ओढते. मग एखाद्या मोकळ्या, सपाट जागी तिला सावकाश सरळ चालवा आणि सुकाणू सरळ आहे का ते पाहा. फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल, तर ब्रेक तपासायला सांगा. नेहमीच ओढत असेल, तर चाके आणि टायर. महिन्यातून एकदा टायरवरून आडवा हात फिरवा. मोठ्या खड्ड्यात आपटल्यावर आणि नवे टायर घातल्यावर चाके तपासून घ्या. आणि कागद मागा. आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे, दोन्ही. नव्या वस्तूची तक्रार करायला आपल्याला लाज वाटते, कारण तिच्यातली खोट म्हणजे आपल्या निवडीतली खोट असे आपण धरून चालतो. ती लाज पहिल्याच आठवड्यात सोडावी. पुढे ती महाग पडते.

आम्ही मराठीचे लोक विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असतो, चाकोरी सोडा, चाकोरीबाहेर जा. चाकोरी म्हणजे गाड्यांच्या चाकांनी मातीत पाडलेली वाट. बाबांनी लहानपणी बंडी हाकलेली आहे. ते म्हणतात, चाकोरीत बंडी घातली की बैल आपले आपण घरी येत. पण दोन चाकांमधले अंतर चाकोरीला जुळले पाहिजे. नाही जुळले तर चाकोरीच चाक मोडते. हे ऐकल्यापासून मी वर्गात तो उपदेश जरा जपून करतो.

नवे टायर बसवून परतताना संध्याकाळ झाली होती. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"सांगितलं तर होतं," बाबा म्हणाले. "पण नुसतं सांगून काय होते? तेव्हाच सुतळी लावून दाखवायला पाहिजे होती. मीही रुसून बसलो."

त्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. मूल मागे गेले, सावलीचे दिवे दिसू लागले. रस्ता सरळ होता, सुकाणूही सरळ होते. व्याहाड ओलांडून वैनगंगेच्या पुलावर आलो, तेव्हा नदी दाखवायला म्हणून मी डावीकडे वळून पाहिले.

बाबांची मान खिडकीला टेकली होती. ते गाढ झोपले होते.